लोणीचा कातळ, मंगळाचे पाणी

लोणी काळभोरला येणारा पाहुणा रामदऱ्याचे देऊळ आणि भोवतालचे तळे पाहून परततो. पायाखालच्या काळ्या कातळाकडे कोण पाहणार? मी तर पडलो मराठीचा प्राध्यापक! पण हा कातळही वाचण्यासारखा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तो झाला. पुढे पाणी त्याच्या पोकळ्यांत झिरपले आणि झिओलाइटचे स्फटिक मागे ठेवून गेले. मुळा-मुठेपलीकडे वाघोलीच्या खाणींत सापडणारे निळे कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे.

मंगळाचा कातळही बहुतांशी याच जातीचा, बेसाल्टचा. २००६ साली तेथे पोहोचलेल्या अमेरिकन यानावरील 'क्रिझम' या उपकरणाने सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरून त्याच्यावरून परतणारा सूर्यप्रकाश तपासला. पाणी मुरलेली खनिजे अवरक्त किरणांतला ठरावीक भाग गिळतात. त्या खुणेवरून नकाशे झाले. चिकणमाती सापडली, झिओलाइटच्या कुळातले ॲनाल्साइमही सापडले. पाणी जाऊन अब्जावधी वर्षे लोटली, साक्ष उरली.

आमच्या विहिरींचे पाणी याच कातळाच्या भेगांत साठते आणि उपसा वाढला की आटते. पाणी होते, एवढे दगड सांगेल. ते राखणे आपल्याच हाती आहे.