नावगावाची ठेव



आपल्या प्रत्येक धर्मग्रामाच्या कचेरीत एक कपाट असते आणि त्या कपाटाची किल्ली धर्मगुरूच्या हाती असते. त्यात पैसाअडका नसतो. असतात त्या जाडजूड नोंदवह्या. बाप्तिस्म्याची वही, विवाहाची वही, मृतांची वही. बाप्तिस्म्याच्या वहीत बालकाचे नाव, जन्मतारीख, आईबापांची नावे, गाव आणि धर्ममातापित्यांची नावे लिहिलेली असतात. पुढे तेच बालक मोठे होऊन दृढीकरण घेते, लग्न करते, तेव्हा त्याच नोंदीच्या समासात दोन ओळींची भर पडते. विवाहाची नोंद धर्मगुरूने वहीत केलीच पाहिजे, असा दंडक ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली घातला. १९८३ च्या विधिसंहितेनेही या वह्या अचूक लिहिण्याची व नीट जतन करण्याची जबाबदारी धर्मगुरूवरच ठेवली आहे. माझ्या कपाटातील या वह्यांमधील एकही ओळ माझ्या मालकीची नव्हे. ती तुमची ठेव आहे. मी केवळ राखणदार.

हे आज लिहिण्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत हीच साधी वही युरोपात न्यायासनापुढे उभी राहिली, आणि तेथे जे प्रश्न विचारले गेले ते ज्या ज्या घरात मोबाईल आहे त्या प्रत्येक घरास लागू पडणारे आहेत.

युरोपीय संघाने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी केलेला कायदा २५ मे २०१८ पासून अमलात आला. आपल्याविषयीची माहिती एखाद्या संस्थेकडे कारण नसता पडून असेल, तर ती पुसून टाकण्याची मागणी करण्याचा हक्क त्या कायद्याने नागरिकास दिला. धर्मसभा सोडून गेलेल्या काही माणसांनी हा हक्क पुढे करून, बाप्तिस्म्याच्या वहीतून आपली नोंद काढून टाकावी, अशी मागणी केली. आयर्लंडच्या माहिती-रक्षण आयोगाने २०२३ साली निर्णय दिला की, डब्लिनच्या आर्चबिशपांना ही नोंद ठेवण्यास कायद्याचा आधार आहे. त्याच वर्षी डिसेंबरात बेल्जियमच्या अधिकाऱ्यांनी गेंट धर्मप्रांताच्या बाबतीत उलट निर्णय देऊन अर्जदाराची मागणी मान्य केली. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ठरविले की, नोंद पुसण्याची आवश्यकता नाही. त्या व्यक्तीने धर्मसभेशी संबंध सोडल्याचे समासात लिहिले म्हणजे पुरे.

मला स्वतःला फ्रान्सचा निकाल पटतो. घडलेला संस्कार घडला नाही असे लिहिता येत नाही. परंतु माणूस निघून गेला हेही तितकेच खरे आहे, आणि तेही त्याच पानावर यावयास हवे. तथापि निकालापेक्षा न्यायाधीशांनी केलेली चौकशीच माझ्या अधिक लक्षात राहिली. ही वही कोठे ठेवली जाते? ती बंद जागेत असते काय? ती कोणाच्या दृष्टीस पडते? ती कोणत्या कामासाठी लिहिली? वही कुलपात आहे, संगणकावर नाही, आणि संबंधित माणूस व धर्मसेवक यांखेरीज ती इतरांना उघडी नाही, ही गोष्ट निकालात जमेस धरली गेली. ठेव सुरक्षित आहे की नाही, हे राखणदाराच्या शब्दावरून न ठरविता कुलपावरून ठरविले गेले. हे मला योग्य वाटते.

कागदाच्या वहीला एक मोठा गुण आहे. ती चालत नाही. कोणाला दाखला हवा असल्यास त्याने यावे, नाव सांगावे, मी पान शोधावे, हाताने उतारा लिहावा, शिक्का मारावा. या सगळ्याला वेळ लागतो, आणि तो वेळच एक कुंपण असते. संगणकात शिरलेली माहिती मात्र एका क्षणात हजार ठिकाणी पोहोचते, आणि पोहोचल्यावर दुसऱ्या माहितीशी जोडली जाते. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. यंत्रे तेच करतात, फरक इतकाच की त्यांच्यापुढे कोट्यवधी माणसांची शिते असतात. कोण कोठे जातो, काय विकत घेतो, रात्री किती वाजता फोन पाहतो, अशा बारीकसारीक गोष्टींवरून माणसाची मिळकत, आजार व ओढ यांचा अंदाज बांधावयाचा, यालाच आज माहितीचे विश्लेषण म्हणतात. रोगराईचा माग काढणे, पिकांचा अंदाज घेणे, अशी चांगली कामेही त्यातून होतात. परंतु तेच शस्त्र माणसावर उलटू शकते.

याचे एक जुने पण बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या सरकारी नोकरांच्या दवाखान्यांतील नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या. नावे काढून टाकली होती, तेव्हा कोणाचे गुपित फुटणार नाही असे सर्वांनी गृहीत धरले. लतान्या स्वीनी या त्या वेळी विद्यार्थिनी होत्या. १९९७ च्या सुमारास त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरना विकत घेतली आणि ती त्या निनावी नोंदींशेजारी ठेवली. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड त्याच शहरात राहत. त्यांच्या जन्मतारखेचे मतदार सहा निघाले. त्यांपैकी पुरुष तीन. आणि गव्हर्नरांच्या पोस्टाच्या विभागात राहणारा एकच. राज्याच्या प्रमुखाचा आजार व औषधे विद्यार्थिनीच्या हाती आली. पुढे २००० साली त्यांनी हिशेब मांडला की, जन्मतारीख, लिंग व पोस्टाचा विभाग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकेकटे ओळखता येण्याजोगे होते.

या तीन गोष्टी कोणत्या, हे पुन्हा पाहावे. जन्मतारीख, मुलगा की मुलगी, आणि गाव. आपल्या बाप्तिस्म्याच्या वहीतील पहिलीच ओळ! आपल्याकडे एका पिनकोडात अनेक गावे येतात हे खरे; परंतु आपण दुकानात, जत्रेतील सोडतीच्या चिठ्ठीवर, अगर एखाद्या ॲपमध्ये याच गोष्टींबरोबर मोबाईलचा क्रमांकही लिहून देतो, आणि तेवढ्याने माणूस सापडतो.

‘फादर, आम्ही शेतकरी माणसे. आमच्याजवळ लपविण्यासारखे काय आहे?’ असा प्रश्न मला पुष्कळदा विचारला जातो. प्रश्न विचारणारा प्रामाणिक असतो, म्हणून त्यास प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. लपविणे आणि झाकणे यांत अंतर आहे. चोर लपवितो, कुलीन माणूस झाकतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपले वाडवडील म्हणत आले. घरात कोणास क्षय झाला होता, मुलीचे जमलेले लग्न का मोडले, जमिनीवर किती कर्ज आहे, या गोष्टींत पाप नाही. तरीही त्या वेशीवर टांगावयाच्या नसतात. गरिबाजवळ वकील नसतो, ओळखीपाळखी नसतात. त्याची अब्रू हेच त्याचे भांडवल.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका तरुणाने मोबाईलवरील एका ॲपकडून थोड्या रुपयांचे कर्ज घेतले. कर्ज देताना ॲपने त्याच्या फोनमधील सर्व नावे व क्रमांक पाहण्याची परवानगी मागितली. त्याने बोट टेकवून ती दिली. हप्ता चुकताच त्याच्या मावशीला, शाळेतल्या मास्तरांना, ज्या मुलीशी त्याची सोयरीक चालली होती तिच्या भावाला, आणि मलाही, तो चोर असल्याचे संदेश त्याच्या छायाचित्रासह आले. कर्ज फार नव्हते. दोघा नातलगांनी मिळून ते फेडले. परंतु त्याचे वडील पुढे तीन रविवार मिस्साला आले नाहीत, आणि सोयरीक जी थांबली ती थांबलीच. अशा तक्रारी देशभर झाल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम घालून दिला की, कर्ज देणाऱ्या ॲपनी ग्राहकाच्या फोनमधील नावांची यादी, छायाचित्रे व कॉलच्या नोंदी यांना हात लावू नये. आता कोणतेही कर्जाचे ॲप अशी परवानगी मागू लागले, तर ते नियमाबाहेरचे आहे असे समजून तेथूनच परत फिरावे.

या घटनेत मला सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट ही की, त्या तरुणाने दिले ते केवळ स्वतःचे नव्हते. मावशीचा क्रमांक मावशीचा होता. तिने तो भाच्याजवळ विश्वासाने ठेवला होता. आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये अशा शंभर-दोनशे माणसांच्या ठेवी आहेत. वही केवळ धर्मगुरूच्या कपाटात नाही. ती तुमच्या खिशातही आहे.

आपल्या देशात या प्रश्नाला न्यायालयात वाचा फोडली ती कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी. वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, २०१२ साली, त्यांनी आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातूनच २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने निर्णय दिला की, खाजगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला, व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य बंधने लागू होण्यास त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकाची पडताळलेली संमती हवी, आणि मोठ्या हलगर्जीपणास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

या कायद्यावर वादही पुष्कळ झाला, आणि तो अनाठायी नाही. सरकारला आपल्या खात्यांना यातून सूट देता येते. मग कुंपणानेच शेत खाल्ले तर काय, असे टीकाकार विचारतात. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील एक कलमही यामुळे बदलले, तेव्हा खाजगीपणाच्या आडोशाला अधिकाऱ्यांचा गैरव्यवहार लपेल, अशी भीती त्यासाठी झटणाऱ्यांनी व्यक्त केली. दुसऱ्या बाजूने, देशाची सुरक्षितता व गरिबांपर्यंत मदत पोहोचविणे ही कामे माहितीवाचून होत नाहीत, असे सरकारचे म्हणणे. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. परंतु ज्याच्या हाती अधिक किल्ल्या, त्याच्यावर अधिक पहारा, हे तत्त्व घरात जसे खरे तसे राज्यातही खरे. या कायद्यातील एक शब्द मात्र मला फार आवडला. माहिती गोळा करणाऱ्या संस्थेला त्यात दिलेल्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘विश्वस्त’ असा होतो. मालक नव्हे, विश्वस्त.

हा कायदा संगणकातील माहितीपुरता आहे. माझी कागदी वही त्यात येत नाही. परंतु ज्या दिवशी ती संगणकावर उतरविली जाईल त्या दिवशी येईल. यास्तव आपण आपल्या घरापासूनच आरंभ करणे बरे. धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर आजाऱ्यासाठी प्रार्थनेची विनंती करताना आपण नाव, रोग, दवाखाना, खोलीचा क्रमांक, सर्व काही लिहितो. हेतू प्रेमाचा असतो. पण त्या आजाऱ्याला कोणी विचारले काय? देवाला रोगाचे नाव कळविण्याची गरज नाही. ‘आपल्या एका बहिणीसाठी प्रार्थना करा’ एवढे पुरेसे असते. तद्वत् आधार कार्डाची प्रत जेथे तेथे देऊ नये. ज्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात असे आधार सरकारच्या संकेतस्थळावर मिळते, ते जेथे चालेल तेथे तेच द्यावे.

धर्मसभेजवळ माहितीविषयीचे दोन धडे शतकानुशतके आहेत. जे लिहावयास हवे ते नीट लिहून कुलपात ठेवावे, हा एक, तो वह्यांचा. दुसरा पापनिवेदनाचा. तेथे सर्वांत नाजूक गोष्टी बोलल्या जातात, आणि तेथे वहीच नसते. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने ते गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूस कडक शिक्षा सांगितली. परंतु शिक्षेच्या आधी शहाणपण हे की, तेथे काही टिपलेच जात नाही. जे लिहिलेच नाही ते चोरीस जात नाही, विकले जात नाही, कोणी जोडून पाहू शकत नाही. कामापुरतीच माहिती घ्यावी, असे नवे कायदेही आता सांगतात.

म्हणून कोणी तुमचे नावगाव मागेल तेव्हा निःसंकोचपणे तीन प्रश्न विचारा. हे कशासाठी हवे? कोण पाहणार? काम झाल्यावर याचे काय होणार? दुकानदाराला विचारा, शाळेला विचारा, मुलांच्या खेळाच्या ॲपला त्याच्या अटींत शोधा. आणि मलाही विचारा. यंदा प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गासाठी मुलांची नावे, जन्मतारखा व पालकाचा एक फोन क्रमांक कागदावर घेतला जाईल. ती यादी गटावर जाणार नाही. ती किल्लीच्या कपाटात राहील. नोंदी वहीत उतरल्यावर कागद फाडून टाकला जाईल. तसे झाले की नाही, हे पाहण्याचा हक्क प्रत्येक आईबापाचा आहे. कचेरी सकाळी उघडी असते.