पंखा थांबला तेव्हा पाणी किती?

इचलकरंजीत एका सायझिंगच्या बॉयलरवर मी बावीस वर्षं पाळ्या केल्या. ताण्याच्या सुताला कांजी चढवायची तर कांजी शिजवायला वाफ लागते, आणि ओलं सूत सुकवणाऱ्या सिलिंडरलाही वाफच लागते. ताशी दोन टन वाफेचा, लाकडावर चालणारा स्मोक ट्यूब बॉयलर. वाफ कमी पडली की खात्यातून लगेच ओरडा येतो. पाणी कमी पडलं तर कुणीच ओरडत नाही. ते ज्याचं त्यानं बघायचं असतं.

मला शिकवलं ते जुन्या मिस्त्रींनी. पाळी घेतली की आधी गेज ग्लास, मग चहा, हा त्यांचा नेम. काचेचा ड्रेन उघडायचा. पाण्याचा कॉक बंद केला की नुसती वाफ यायला हवी, वाफेचा बंद करून पाण्याचा उघडला की नुसतं पाणी. मग ड्रेन बंद, दोन्ही कॉक उघडे, आणि पाणी काचेत उसळी मारून वर आलं पाहिजे. रेंगाळत आलं तर वाट बुजायला लागली असं समजायचं. मिस्त्री म्हणायचे, “काचंत पाणी दिसंना झालं तर पंपाला हात लावायचा न्हाई लेका. आधी आग.” भट्टीचा पत्रा पाण्याविना तापून लाल झाला असेल आणि त्यावर गार पाणी गेलं, तर पाण्याची वाफ एका झटक्यात होते, पत्रा आकसतो, फाटतो. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि पुढे कितीतरी दिवस रोज विचारलं.

बॉयलरच्या अंगाला दोन मोब्रे होते. मोब्रे म्हणजे लोखंडी डब्यात तरंगणारा गोळा. त्याच्या दांड्याला चुंबक असतं, ते भिंतीपलीकडच्या चुंबकाला ढकलतं आणि स्विच बदलतो. पहिला मोब्रे फीड पंप चालू-बंद करायचा आणि पाणी फार उतरलं तर हूटर वाजवायचा. दुसरा त्याच्याही खाली, शेवटच्या वेळेसाठी. त्यानं भट्टीला हवा देणारे पंखे बंद करायचे. तेलाच्या बॉयलरमध्ये बर्नर विझला की आग संपते. लाकडाच्या भट्टीत पंखा थांबला तरी जाळीवर निखारे असतातच. म्हणून आमच्याकडे त्या दुसऱ्या मोब्रेनं वेळेवर काम करणं आणखी गरजेचं. उशीर झाला तर आग ओढायलाही वेळ उरत नाही.

दर पाळीला मी दोन्ही मोब्रेंचा ड्रेन उघडायचो. भस्सकन पाणी जायचं, हूटर वाजायचा, पंखे थांबायचे. ड्रेन बंद करून मी लॉगबुकात ‘ओके’ लिहायचो. कित्येक वर्षं असंच चाललं.

२०११ च्या उन्हाळ्यात नदीचं पाणी कमी झालं आणि आम्ही बोअरचं पाणी घ्यायला लागलो. ते जड पाणी. पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरला मीठ जास्त लागायला लागलं, आणि रात्रपाळीत मिठानं त्याचं रिजनरेशन करणं चुकायला लागलं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी देखभालीला आलेल्या इंजिनिअरनं विचारलं, “पाणी सावकाश उतरवून कधी बघितलंय का?” मी म्हणालो, रोज बघतो. ते म्हणाले, “ड्रेन नाही. पाणी सावकाश उतरवा.”

आग मंद केली. फीड पंप बंद केला. ब्लोडाऊन व्हॉल्व्ह जरासा उघडून दोघेही काचेकडे बघत उभे राहिलो. पाणी केसाकेसानं उतरत होतं. ठरल्या खुणेवर हूटर वाजला. मला बरं वाटलं. पाणी आणखी उतरलं, काचेत एक इंच राहिलं. इथं पंखे थांबायला हवे होते. थांबले नाहीत. पाऊण इंच. अर्धा इंच. पंखे तसेच चालू. मी ब्लोडाऊन आवळला, हातानं पंखे बंद केले आणि काचेत पाणी अजून दिसत होतं म्हणूनच पंप सुरू केला. इंजिनिअर काही बोलले नाहीत. माझ्या तळव्यांना घाम आला होता.

दुसऱ्या दिवशी बॉयलर गार करून आम्ही दुसरा मोब्रे उघडला. डब्याच्या तळाशी बोटभर करडा गाळ, ओल्या राखेसारखा मऊ. दांड्याला मात्र पांढरी, खरखरीत पुटं चढलेली. नखानं निघेनात, पत्र्याच्या तुकड्यानं खरवडावी लागली. गोळा हातानं ढकलला तर जायचा. आपल्या वजनानं मात्र जागचा हलत नव्हता. तेव्हा कळलं की रोज ड्रेन उघडला की सुटणारं पाणीच त्याला जोरानं खाली ओढत होतं, आणि मी ‘ओके’ लिहीत होतो. बॉयलरमधलं पाणी खरोखर आटतं ते संथपणे. पहिला मोब्रे दिवसभर पंपासाठी वरखाली होतो, त्याचा दांडा मोकळा राहतो. ज्याच्यावर भरवसा टाकायचा तो दुसरा एरवी जागचा हलतच नाही, म्हणून तोच आधी अडकतो.

बॉयलर इन्स्पेक्टर वर्षाला येतात, सर्टिफिकेट होतं, पण रोजचा गाळ रोजच येतो. मालकांना मी तो गाळ पत्र्यावर ठेवून दाखवला. त्यांनी आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास दिला.

त्यानंतर रोजचं ड्रेन करणं चालूच ठेवलं, कारण गाळ काढायला तेच लागतं. शिवाय झाल्यावर डब्याचे कॉक पुन्हा पूर्ण उघडलेत का, हे हात लावून बघायचं. पाण्याचा कॉक बंद राहिला तर डब्यातलं पाणी डब्यातच राहतं आणि मोब्रेला बॉयलर भरलेलाच वाटतो. सॉफ्टनरचं पाणी दर पाळीला छोट्या बाटलीत औषध टाकून तपासायचं. निळं झालं तर मऊ, लालसर राहिलं तर मीठ आधी, फीड नंतर.

लॉगबुकात ‘ओके’ लिहिणं मी बंद केलं. सावकाश उतरवून पाहिल्यावर पंखा थांबला तेव्हा काचेत किती पाणी होतं, तो आकडा लिहायचा. निवृत्त होण्याआधीच्या महिन्यात माझ्या हाताखालच्या पोरानं लिहिलं होतं: एक इंच, एक इंच, एक इंच, पाऊण इंच. शेवटच्या आकड्याखाली त्यानं रेघ मारली होती आणि मला काही न विचारता मोब्रेची नवी गॅस्केट कापायला घेतली होती.