मोटेचा नाडा आणि दहा रुपये

म्हसवड हें माण तालुक्यांतील गांव. पाऊस बेताचा, आणि माणगंगेचें पात्र वर्षाचे बरेच महिने कोरडें. असल्या मुलखांत पाण्याची आणि पैशाची ये-जा माणसें फार बारकाईनें पाहतात. मी या शाळेचा जुना विद्यार्थी. हल्लीं पुण्यास व्यापाराच्या उपयोगी पडणाऱ्या संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा धंदा करतों. गांवीं गेलों म्हणजे ‘तूं नक्की करतोस तरी काय?’ हा प्रश्न ठरलेला असतो. त्याचें उत्तर मला आमच्या मळ्यांतील जुन्या मोटेंत सांपडलें.

मोट आतां राहिली नाहीं. वडील मंडळींच्या बोलण्यांत मात्र ती अजून चालते. कातड्याची मोट चांभार शिवीत असे, चाक सुतार करी, नाडा आणि सोल दोर वळणारा देई, लोखंडी कडी लोहार ठोकून देई. यांपैकीं एकालाहि दुसऱ्याची कला येत नसे, आणि येण्याची गरजहि नसे. नाडा चाकाच्या खांचेंत बसावा, कडी मोटेच्या तोंडाला मिळावी, एवढा सांध्यापुरता करार पाळला कीं झालें. मोट फाटली तर मोटच तेवढी चांभाराकडे जाई. विहिरीवरचें चाक जागचें हालत नसे, आणि तेंच चाक नव्या मोटेलाहि चाले.

व्यापारी आज्ञावली बांधण्याची आजची रीत याहून फार निराळी नाहीं. पूर्वीं हिशेब, माल, पगार, वसुली हें सारें पुष्कळदां एकाच अखंड आज्ञावलींत विणलेलें असे. व्याजाचा एक नियम बदलावा तों पगाराचा कागद बिघडे. १९६८ सालीं पश्चिम जर्मनींतील गार्मिश येथें भरलेल्या परिषदेंत डग्लस मॅकइलरॉय यांनीं अशी सूचना मांडली कीं, कारखान्यांना जसे तयार सुटे भाग मिळतात तसे आज्ञावलींचेहि मिळावेत. १९७२ सालीं डेव्हिड पार्नास यांनीं त्यापुढची गोष्ट सांगितली: प्रत्येक भागानें आपलें आंतलें गुपित आंतच ठेवावें, बाहेर फक्त सांधा दाखवावा. मला विचाराल तर पार्नास यांचेंच म्हणणें अधिक मोलाचें. तुकडे करणें सोपें. कोठें तोडावें हें कळणें कठीण.

म्हसवडच्या मुलांना याचा दाखला दूर शोधावयास नको. १९९७ सालीं येथें माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. तिचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनें नाकारला होता. कारण बँक काढूं पाहणाऱ्या बायकांपैकीं अनेकींना लिहितां-वाचतां येत नव्हतें, सहीच्या जागीं अंगठे होते. बायका अक्षरें शिकल्या आणि परवाना मिळाला. पुढें व्यवहार यंत्रावर आले, तेव्हां गुप्त आंकडा कोणी तरी पाहून ठेवील, अंगठा मात्र कोणाला चोरतां येणार नाहीं, असें या बायकांनींच सुचविल्याचें संस्थापिका श्रीमती चेतना सिन्हा यांनीं सांगितलें आहे. ज्या अंगठ्यापायीं दार बंद झालें तोच किल्ली झाला! अंगठा ओळखणारा भाग आणि खतावणी सांभाळणारा भाग निराळे असले म्हणजेच असा फेरबदल सुखानें होतो. एकानें ‘ही तीच बाई’ एवढेंच सांगावें; तिची शिल्लक किती, हें त्याला कळण्याचें कारण नाहीं.

२०१६ सालापासून चाललेली यूपीआय ही तर सुट्या भागांची मोठीच जत्रा आहे. गिऱ्हाइकाच्या मोबाईलमधील आज्ञावली एका कंपनीची, त्याची बँक दुसरी, मध्यें निरोप पोंचविणारें भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ, पलीकडे विकणारीची बँक, आणि ‘दहा रुपये मिळाले’ असें ओरडणारी पेटी आणखी कोणाची तरी.

माझी काकू बाजारांत भाजी विकते. मागल्या वर्षीं एका ओळखीच्या गिऱ्हाइकानें तिच्याकडून दहा रुपयांची कोथिंबीर घेतली. त्याच्या खात्यांतून पैसे गेले. काकूची पेटी गप्प. तिनें मला विचारलें, “आरं बाळा, त्याच्याकडनं निघालं, माझ्याकडं आलं न्हाईत, मग ते धा रुपये आत्ता हाईत तरी कुणाच्या घरी?”

इतका नेमका प्रश्न मला कचेरींतहि कोणी विचारला नव्हता. सैल जोडणीचा खरा धोका हाच आहे. प्रत्येक भाग आपल्यापुरता निर्दोष, आणि बिघाड सांध्यांत. मग जाब कोणाला विचारावयाचा? म्हणून अशा प्रत्येक व्यवहाराला बारा आंकडी क्रमांक असतो. तो ज्यानें त्यानें आपल्या वहींत टिपावयाचा, तोच निरोप दोनदां आला तर दुसऱ्यांदां पैसे कापावयाचे नाहींत, आणि मागाहून सर्व वह्या एकमेकींशीं ताडून पाहावयाच्या. काम कंटाळवाणें खरें. पण माझा अर्धा दिवस यांतच जातो, आणि तो वाया गेला असें मला कधीं वाटलें नाहीं.

रिझर्व्ह बँकेनेंहि २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानें अशा अडकलेल्या पैशांना मुदत घालून दिली. रक्कम खात्यांतून गेली आणि विकणाऱ्याला पोंच मिळाली नाहीं, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पांच दिवसांच्या आंत ती आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्यापुढें दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीहि न मागतां. हें मी काकूला मोठ्या उत्साहानें समजावून सांगितलें.

“भरपाई कुणाला?” तिनें विचारलें.

“ज्याच्या खात्यांतून पैसे गेले त्याला.”

“म्हंजी कोथमीर माझी गेली, आन् शंभर रुपये त्याला व्हय!” असें म्हणून तिनें तराजूखालची चिल्लरीची पिशवी जवळ ओढली आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

ते दहा रुपये तिसऱ्या दिवशीं त्या गृहस्थाच्या खात्यांत परत आले. पुढल्या बाजारीं त्यानें ते काकूला रोख आणून दिले.