जोडाच्या दोन तारा

तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्याला, म्हणजे घोडी घासून तारेत झंकार आणणाऱ्याला, पंचम फारसा छळत नाही, खर्जही नाही. छळतो तो जोड. दोन तारा, एकाच रिळातल्या, एकाच जाडीच्या, एकाच षड्जात लावलेल्या, एकाच घोडीवर शेजारीशेजारी. तरी एक गाते आणि दुसरी नुसती वाजते. गाणारीला हात न लावता दुसरीला तिच्याजवळ आणायला बसावं, तर दुसरी दोन पावलं पुढेच निघून जाते आणि मग पहिली फिकी वाटायला लागते. घोडीवरून कानशीने काढलेलं परत चिकटवता येत नाही. त्यामुळे शेवटचे चार हात मारताना श्वास आपोआप धरला जातो.

मी डोळेही मिटायचो. डोळे मिटल्याने जास्त ऐकू येतं असं लोकांना वाटतं, आणि मी ते वाटू दिलं. समोर बसलेला गवई त्या वेळी हालचाल करत नसे, त्याचे शिष्य खोकला दाबत, आणि मला त्या शांततेची चटक लागली होती. तारेसाठी डोळे मिटण्याची काही गरज नव्हती.

मग गिऱ्हाइकं म्हणायला लागली, ‘मामांची जवारी हल्ली चांगलीच खुली असते.’ मी ते कौतुक म्हणून घेतलं. कुणी कुरकुरलंच तर सांगायचो, आता सभागृहं मोठी झाली, मायक्रोफोन आले, बंद जवारी पोचणार कुठपर्यंत? एक शैलीच करून टाकली मी त्याची. भाची माझ्याकडे शिकायला बसत होती, तिने मात्र एका संध्याकाळी कानस बाजूला ठेवली आणि म्हणाली, ‘मामा, ही डब्यातल्या वाटाण्यांसारखी वाजतेय.’

मला ती तार गोड लागत होती.

कान तपासून आणले. कागदावरची रेघ सेकंदाला दोन हजार कंपनांपर्यंत बऱ्यापैकी सरळ चालते आणि तिथून उतरणीला लागते. वयाने जाणारा कान वरूनच जातो. आता हिशेब बघा. पुरुषाचा तंबोरा काळी एकमध्ये लावला तर जोड साधारण 139 कंपनांवर आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, 69 वर. खर्जातून जो स्वयंभू गंधार उमटतो तो त्याच्या पाचपट, म्हणजे 350च्याही खाली. तो मला आजही लख्ख ऐकू येतो. पण जवारीची झिलई जोडाच्या विसाव्या, तिसाव्या पटीत असते, तीन-चार हजारांच्या घरात. माझा गंधार शाबूत होता आणि झिलई गेली होती. ती मला ऐकू येईपर्यंत मी तार उघडत राहायचो. तोवर इतरांच्या कानांना ती टोचायला लागलेली असायची.

यावर मी प्रथम जुनाच उपाय करून पाहिला. दांडीला दात लावून ऐकलं. खर्ज कवटीभर भरला, वरचं काहीच नाही. दोष आतल्या कानात असला की नाद हवेतून जावो की हाडातून, शेवटी त्याच दारावर जाऊन थांबतो.

मग श्रवणयंत्र घेतलं. ते लावून दुकानात बसलो, तंबोरा छेडला, आणि तो थरथरायला लागला. सूर लावलेला, खुंट्या घट्ट, आणि आवाज मात्र पाण्याखालून आल्यासारखा हेलकावे खाणारा. ज्यांनी यंत्र बसवून दिलं त्या बाईंनी समजावलं: ही यंत्रं बोलणं ऐकण्यासाठी बनवलेली असतात. एकसारखा लांबत जाणारा सूर आला की यंत्राला वाटतं, आपणच शिट्टी मारतोय, आणि ते तो सूर दाबायला धावतं. जो अखंड नाद आणण्यात माझं आयुष्य गेलं, तो या यंत्राच्या लेखी बिघाड! मी दुकानात एकटाच हसलो. बाईंनी संगीतासाठी वेगळी योजना घालून दिली, शिट्टी दाबण्याची सोय बंद केली, आवाज सपाट करणारी कळही सैल केली. आता तंबोरा स्थिर ऐकू येतो. झिलईही येते, पण ती मला आठवते तशी नाही. जरा कोरडी आहे. यंत्र केसांखाली लपेल असंच निवडलं होतं, हेही सांगून टाकतो.

तिसरं हत्यार भाचीने आणलं. तिच्या फोनवर नादाचं चित्र उमटतं: खाली खर्जाच्या जाड रेघा, वर बारीक होत जाणाऱ्या. पहिले काही दिवस मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. सर सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्येच तंबोऱ्याच्या घोडीवर लिहून ठेवलंय, की तार जिथे छेडली त्या जागेमुळे जे स्वर उमटायलाच नकोत, तेही या वाद्यात उमटतात, आणि ती करामत घोडीच्या पसरट उताराची आहे. ते मी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचो. रामन यांचं शास्त्र चालायचं, भाचीच्या फोनमधलं चालत नव्हतं.

शेवटी वळून बघितलं ते जोडामुळेच. दोन्ही तारांची चित्रं आम्ही शेजारी ठेवली. रेघा तितक्याच, उजेडही जवळजवळ तितकाच. मी म्हणालो, झालं. ती म्हणाली, ‘नाही मामा, दुसरी उशिरा फुलतेय.’ मी पुन्हा बघितलं, या वेळी डावीकडून उजवीकडे. तार छेडल्याबरोबर वरच्या रेघा उजळत नाहीत. त्या क्षणभर मागे राहून उमलतात आणि मग वरून खाली एकेक करत विझत येतात. पहिल्या तारेचं उमलणं आणि दुसरीचं, यात फरक होता. नजरेला तो बोटभर दिसत होता. कानाला? मी आयुष्यभर तारेचा पहिला झटका ऐकून निकाल देत आलो. छेडली, ऐकली, कानस उचलली. तार पुरती बोलून व्हायच्या आत माझा हात चालू झालेला असायचा.

आता छेडून थांबतो. उशिरा फुलणारीला घासत नाही, आधी घोडीवर तिच्याखाली असलेला दोरा सरकवतो, केसभर पुढे, केसभर मागे. दोरा सगळेच सरकवतात, त्यात नवं काही नाही. पण मी तो तार उघडण्यासाठी सरकवायचो. तिच्या फुलण्याच्या वेळेसाठी सरकवतोय हे डोक्यात आल्यापासून हातच वेगळा पडतो. तरीही जोड जुळतोच असं नाही. पाऊस लागला, घोडी जराशी हलली, गवयाने तार बदलली, की पुन्हा पहिल्यापासून. कधीकधी चित्रं तंतोतंत जुळतात आणि भाची तरी मान हलवते. तेव्हा मी फोन उपडा ठेवतो आणि तिच्या तोंडाकडे बघतो.

गावात यावरून बोलणी होतात. 2024 मध्ये आमच्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर परंपरा या शब्दाला फारच भाव आलाय. फोन बघून जवारी काढतो म्हणून मला नावं ठेवणाऱ्यांत असेही आहेत, जे अर्ध्या तासात जवारी करून देतात आणि गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत पैसे मोजतात. त्यांना मी एवढंच विचारतो, या गावात हा धंदा सुरू केला कुणी? हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी. त्यांच्यातल्याच फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तलवारी सोडून भोपळा आणि दांडी हातात घेतली, त्यांना कुणी परंपरा शिकवली होती? घोडीचं हस्तिदंत गेलं, सांबरशिंग गेलं, आणि ते गेलं हे रास्तच झालं. आता डेलरिनची घोडी येते. मी तिला प्लास्टिक म्हणून हिणवायचो. तिला रेषा नसतात, कानस सगळीकडे सारखी चालते, आणि शिकाऊ पोरांच्या तंबोऱ्याला ती मी आता खुशाल बसवतो. मैफिलीच्या तंबोऱ्याला नाही. तिथे मला अजून हाडाचाच आवाज हवा. त्याला हट्ट म्हणा.

माझा राग आहे तो फोनमधल्या तंबोऱ्यावर. आवाज बरा असतो त्याचा, पण तो कधी उतरत नाही. रियाजाला बसल्यावर जोड उतरलाय हे कळणं, मणी सरकवून तो चढवणं, यातच निम्मी तालीम होती. ज्या पोराच्या हातात कधी खुंटी आली नाही, त्याला माझ्या जोडाच्या दोन तारांत काय फरक आहे हे मी कुठल्या तोंडाने सांगू? आणि तेच पोर सांगतं की माझी जवारी छान आहे!

मध्यंतरी एक नावाजलेले गायक आपली तंबोऱ्यांची जोडी घेऊन आले. एक तंबोरा मी लावला, दुसऱ्याची जवारी जवळजवळ सबंध भाचीने काढली. मी फक्त खर्जाला हात लावला होता. त्यांनी तिचा तंबोरा छेडला, बराच वेळ ऐकला आणि म्हणाले, ‘मामा, तुमचा कान अजून तस्साच आहे.’ भाची पॉलिशपेपर घेऊन कोपऱ्यात बसली होती. तिने वर पाहिलं नाही. मी त्यांना दुरुस्त करायला हवं होतं, हे त्याच क्षणी मला कळत होतं, आणि त्याच क्षणी मला ते वाक्य अतिशय गोडही लागत होतं. मी हात जोडले.

पावतीवर अजून माझं एकट्याचंच नाव छापलेलं आहे. भाचीचं घालायला हवं, पोरगी तोंडाने मागणार नाही. पण जुनं पावतीपुस्तक अर्धं शिल्लक आहे, असं मी स्वतःला सांगतो, आणि हल्ली पावत्या जरा जपूनच फाडतो.