दाराच्या तळाशी

मराठीत गंज चढतो तो बहुधा माणसांवर. बुद्धीला गंज चढतो, न वापरलेल्या विद्येला चढतो, पदवी मिळताच पुस्तके मिटून ठेवणाऱ्या अध्यापकालाही चढतो. गंजण्यापेक्षा झिजणे बरे, हे वाक्य शाळेच्या भिंतीवर आम्ही वर्षानुवर्षे वाचले. या सर्व प्रयोगांत दोन गृहीते दडलेली आहेत. जे वापरात नाही तेच गंजते, हे पहिले. आणि गंज बाहेरून येऊन वर बसतो, हे दुसरे. 'चढणे' हे क्रियापदच तसे सुचवते. (आमच्या विदर्भातल्या स्वयंपाकघरात 'गंज' म्हणजे पातेले, आणि ते रोज चुलीवर चढते, पण तो शब्द निराळा. असो.) घरच्या मोटारीच्या दाराने मात्र ही दोन्ही गृहीते आमच्या देखत मोडीत काढली.

ही छोटी मोटार बाबांनी २००८ साली, निवृत्तीच्या वर्षी घेतली. ती एक दिवसही पडून राहिलेली नाही. मंडई, दवाखाना, महाविद्यालय, लग्नकार्ये, सारे तिच्यातूनच झाले. म्हणजे न वापरल्याचा आरोप तिच्यावर करता येत नाही.

नागपूरकरांना गंज हा मुंबई-कोकणचा रोग वाटतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर जाते, हे खरेच. पाण्यात मीठ असले की त्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि गंजण्याची क्रिया वेग घेते. परंतु लोखंड गंजायला मीठ लागतेच असे नाही. पाणी आणि प्राणवायू एवढे दोघे पुरतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. काचेला बिलगलेली रबरी पट्टी त्या उन्हात कडक होते, आक्रसते, भेगाळते. मग जूनमध्ये मृगाचा पाऊस येतो आणि काचेवरून ओघळणारे पाणी त्या फटीतून दाराच्या पोटात उतरते.

दाराला पोट असते, ही गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. बाहेरचा रंगीत पत्रा आणि आतली गादी यांच्यामध्ये काच खाली उतरण्यासाठी पोकळी ठेवलेली असते. तिच्यात थोडे पाणी शिरणार, हे मोटार बांधणाऱ्यांनी धरूनच ठेवलेले असते. म्हणून दाराच्या तळाशी निचऱ्याची बारीक छिद्रे असतात. पाणी आले आणि गेले तर काही बिघडत नाही. पण धूळ, कडुनिंबाचा पाला, वाळलेला चिखल यांनी ती छिद्रे बुजली की पाणी तिथेच मुक्काम ठोकते. त्यातच बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या पत्र्यावर शिवणीसारखी दुमडलेली असते. त्या दुमडीत शिरलेला ओलावा लवकर सुकत नाही. पत्रा तर मिलिमीटरहूनही पातळ.

आमच्या दाराच्या बाबतीत पाणी वरून ओघळून आले नाही, खालून चढले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि एरवी नाला म्हणून हिणवली जाणारी नाग नदी लोकांच्या घरांत शिरली. आमच्या गल्लीत मोटारी निम्म्या दारापर्यंत पाण्यात उभ्या होत्या. पाणी ओसरल्यावर गॅरेजमध्ये आसने धुतली गेली, इंजिन उघडले गेले, तेल बदलले गेले. दारांच्या पोटातला गाळ कोणी काढला नाही. तो दिसतच नव्हता.

पुढे दोन पावसाळे गेले. मग मागच्या उजव्या दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली मसुराच्या दाण्याएवढे फोड आले. लोखंडाहून गंजाला जागा जास्त लागते, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो. शिवाय गंज सच्छिद्र असतो. ॲल्युमिनियमवर धरणारा थर खालच्या धातूला झाकतो; लोखंडाचा गंज ओलाव्याला पुढची वाट करून देतो. फोड दिसला तेव्हा आतला प्रवास संपत आला होता.

मोटार विकायचे तेव्हा ठरलेलेच होते. बाबांना आता चालवणे झेपत नाही. दलाल म्हणाला, "लांबी भरून रंग मारून घ्या. दिवाळीच्या आत जाऊन जाईल." दलालाचा हिशेब चुकीचा नव्हता. लांबी भरून, घासून, रंग दिला की दार आरशासारखे दिसते आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत तसेच राहते. त्यानंतरचा पावसाळा घेणाऱ्याचा असतो. त्या पुरानंतर जुन्या मोटारीच्या बाजारात असे किती आरसे गेले असतील, हा विचार मनातून जाईना.

डेंटिंग करणाऱ्या मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने फोड नुसता टोचला. टोक आरपार गेले. "सर, हा पत्रा आतून सडून राहिला न. वरून कितीही रंग मारा, चार महिने टिकते. कापाच लागते." आम्ही बाबांकडे पाहिले. कापून नवा पत्रा जोडण्याचा खर्च वजा जाता हाती येणाऱ्या रकमेतून बरेच कमी होणार होते. बाबा म्हणाले, "कापा."

मग गादी काढली. तळाशी गाळाची चांगली बोटभर वडी बसलेली होती. सडलेला भाग चकचकीत धातू लागेपर्यंत कापला, नवी पट्टी जोडली. आजूबाजूचा वरवरचा गंज घासून त्यावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले. त्याने उरलासुरला गंज फॉस्फेटच्या थरात बदलतो. (दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ सोळाशे वर्षे टिकला, त्याचे श्रेयही संशोधक त्या लोखंडातल्या फॉस्फरसला देतात. मिस्त्रींना हे सांगितले तर ते म्हणाले, "त्याले दरवाजा नाही न.") त्यावर प्रायमर, थोडी लांबी, मग रंग. वेल्डिंगच्या आचेने आतल्या बाजूचे आवरण जळते, तेव्हा पोकळीत मेणयुक्त तेलाचा फवारा मारणे हे या कामातले शेवटचे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे काम. ते आम्ही उभे राहून करून घेतले. बाकीच्या तिन्ही दारांच्या गाद्याही उघडल्या. दोहोंत गाळ होता, पत्रा शाबूत होता.

घ्यायला आला तो एका कनिष्ठ महाविद्यालयात नुकताच लागलेला तरुण. त्याने खिशातून लहानसे लोहचुंबक काढले, रुमालात गुंडाळले आणि दारांच्या कडांवरून फिरवले. जाड लांबीवर चुंबक धरत नाही, हे त्याला कोणीतरी शिकवलेले असावे. मागच्या उजव्या दाराशी तो थबकला. एका जागी पकड किंचित सैल होती. आम्ही दुरुस्तीचे बिल आणि कापलेल्या पत्र्याचा तुकडा त्याच्यापुढे ठेवला. त्याने तुकडा बोटांत धरून मोडून पाहिला. तो बिस्किटासारखा तुटला.

किमतीवर घासाघीस झालीच. शेवटी बाबांनी खराट्याची एक काडी आणली, त्याला खाली वाकायला लावले आणि प्रत्येक दाराखालची छिद्रे बोटाने दाखवली. "मृगाच्या आधी एकदा, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी." तो म्हणाला, "हो काका," आणि काडी पुढच्या खणात कागदपत्रांबरोबर ठेवून मोटार घेऊन गेला.