चार तुकडे

बी.एड.ला असताना आम्हाला ‘निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन’ असं एक प्रात्यक्षिक होतं. मूल चुकलं की नुसते गुण कापायचे नाहीत; चूक नेमकी कुठे होते ते शोधायचं आणि तिथेच इलाज करायचा. मी त्याची सुरेख फाईल लिहिली होती, लाल शाईनं समास आखून. चांगले गुण मिळाले आणि फाईल माळ्यावर गेली. तिची आठवण मला प्लॅस्टिकच्या एका विमानानं करून दिली.

मी मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला हवाई दलानं मिग-२१ विमानांना निरोप दिला. १९६३ पासूनची त्यांची सेवा संपली. त्यातली कितीतरी विमानं आमच्याच जिल्ह्यात, ओझरच्या कारखान्यात बांधलेली. मुलांनी बातमी वाचली आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मिग ठेवायचं ठरलं.

प्लॅस्टिकची मॉडेलं रंगवण्याचा मला नाद आहे. घरी छोटा कॉम्प्रेसर आणि एअरब्रश आहे. एअरब्रश म्हणजे जाड पेनाएवढी फवारणी. बटण खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. बहात्तरपट लहान केलेलं, वीतभर लांबीचं मिग मी स्वखर्चानं मागवलं आणि नववीची चार मुलं रोज संध्याकाळी घरी येऊ लागली.

पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग दिसायला गरीब, पण स्वभावानं नाजूक. पहिल्या दिवशी फवारा थुंकू लागला आणि बंद पडला. मालेगावच्या कोरड्या हवेत रंग सुईच्या टोकावरच वाळत होता. रंग दुधाइतका पातळ केला, वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे दोन थेंब टाकले, ओल्या ब्रशनं टोक पुसत राहिलो, सुटलं. मग पंख पॉलिशपेपरसारखा खरखरीत झाला. आम्ही फार लांबून मारत होतो, त्यामुळे रंगाचे कण वाटेतच सुकत होते. तीन-चार इंचांवर आलो. आता रंगाला कोळ्याचे पाय फुटले, कारण रंग फारच पातळ आणि हवा जोरात. दाब १५ पीएसआयच्या आसपास आणला, एका जाड थराऐवजी चार झिरझिरीत थर दिले. राखाडी रंग रेशमासारखा बसला. मुलं खूश, मी त्याहून खूश.

शेपटीवर तिरंगी पट्टे हवे होते. डब्यातली स्टिकरं तडकलेली निघाली, म्हणून चिकटपट्टी लावून तीन रंग फवारायचे ठरवलं. शेवटची पट्टी मी ओढली आणि तिच्याबरोबर तिन्ही पट्टे, खालचा राखाडी रंग, सगळं सालीसारखं सोलून आलं. खाली कोरं प्लॅस्टिक!

प्रदर्शन आठ दिवसांवर. उर्दू शाळेच्या टेबलाकडे लोक एरवीही जरा थांबूनच बघतात. त्यात तिरंग्याचे पोपडे निघालेलं विमान! माझ्या पोटात गोळा आला आणि मी समोरच्या मुलावर ओरडलो. तो शाळेआधी आणि शाळेनंतर वडिलांबरोबर लूमवर काम करतो. त्याच्या नखांत तेल असतं. मी म्हणालो, “लूम के तेल के हाथ लेके आता है, रंग क्या खाक टिकेगा?”

तो काही बोलला नाही. हात पाठीमागे नेले आणि उभा राहिला. बाकीची तिघं जमिनीकडे बघत होती. माझे अब्बाही लूमवरच होते. त्यांच्याच तेलकट हातांनी माझी बी.एड.ची फी भरली गेली. हे मला त्या क्षणी आठवलं नाही, रात्री आठवलं.

झोप येईना, म्हणून उठलो. आणखी एक गोष्ट आठवली. डबा उघडला त्या दिवशी याच मुलानं सूचनांचा कागद एकेक अक्षर लावत वाचून म्हटलं होतं, “सर, इसमें लिखा है, पैले साबून से धोने का.” मी हसून उत्तर दिलं होतं, “नया माल है, धोना क्या?” वजूशिवाय नमाजला उभं राहायचं नाही, हे ज्याला वयाच्या सातव्या वर्षी कळलं, तो मी!

साच्यातून भाग सुटावेत म्हणून साच्याला तेलकट द्रव लावतात. त्याचा पातळ थर कधी कधी भागांवर राहतो. शिवाय घाईपायी मी प्रायमरही मारला नव्हता. पण हा झाला अंदाज. पुरावा हवा.

क्षेपणास्त्रांची चौकट पिशवीत सीलबंदच होती. तिला कुणाचा हात लागला नव्हता. हातमोजे घालून तिचे चार तुकडे केले. पहिला न धुता, प्रायमरशिवाय. दुसरा धुतलेला, प्रायमरशिवाय. तिसरा न धुता, प्रायमर मारून. चौथा धुऊन, वाळवून, प्रायमर मारून. चौघांवर तोच राखाडी रंग, तोच दाब, तेच अंतर. पूर्ण २४ तास वाळू दिले आणि एकाच रिळाची चिकटपट्टी लावून ओढली. पहिला संपूर्ण सोलला. तिसऱ्याचे पोपडे निघाले. दुसऱ्याचा फक्त कोपरा उडाला. चौथ्याला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ते तुकडे मी वर्गात नेले. फळ्यावर चार रकाने आखले आणि निष्कर्ष मुलांना काढायला सांगितला. पाच मिनिटांत उत्तर आलं: आधी धुवायला हवं होतं, मग प्रायमर. मी विचारलं, “इनको तेल का हाथ लगा था?” वर्ग म्हणाला, “नहीं सर.” मग त्या मुलाकडे बघून म्हणालो, “गलती मेरी थी. तूने पहले ही दिन बताया था. और जो बात मैंने तेरे हाथों के बारे में कही, वो बहुत गलत थी. मुझे माफ कर.”

वर्गात अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तो उठला, थोडा घुटमळला आणि म्हणाला, “सर, तो आज शाम को धो लें?”

आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जुना रंग उतरवला, साबणाच्या कोमट पाण्यात विमान धुतलं, प्रायमर मारला. रोज एकच पट्टा. चिकटपट्टी आधी तळहातावर दाबून तिचा चिकटपणा कमी केला, शेवटी मागे दुमडत सावकाश ओढली. पट्ट्यांच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या आल्या. प्रदर्शनात विमान दोन दिवस दिमाखात उभं राहिलं. आलेल्यांना रंगकामाची माहिती त्याच मुलानं दिली, आणि चारही तुकडे शेजारी मांडायचा हट्टही त्याचाच.

विमान आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. रंग पक्का आहे, हात लावला तरी काही होत नाही. हे मी त्याला अनेकदा सांगितलं. तरी कपाट उघडण्याआधी तो नळावर जातो, साबण लावून नखं घासतो, हात पुसतो आणि मगच विमान उचलतो. मी बघत असतो. त्यावरचा इलाज माझ्या फाईलमध्ये नाही.