जुन्या गीतांचं तरुणपण

मराठी ख्रिस्ती मंडळीत रविवारी ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडलं की नारायण वामन टिळकांचं एखादं गीत निघतंच. ही गीतं आता इतकी अंगवळणी पडली आहेत की तीही कधी काळी कुणाला परकी वाटली असतील, हे ध्यानातच येत नाही. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. मिशनच्या मंडळ्यांत तोवर भाषांतरित शब्द आणि पाश्चात्त्य चालीच बऱ्याचशा चालत. अहमदनगरकडे मात्र कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन आधीच उभं केलं होतं. टिळकांनी अभंग, पद, भजन या ओळखीच्या घाटांत ख्रिस्तभक्ती ओतली. आणखी मागे गेलं तर फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ भेटतं. ते १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं. जुनी पुराणं वाचायची नाहीत तर आम्हाला दुसरं काही द्या, अशी मागणी एक नवख्रिस्ती श्रोता करतो, आणि त्यातूनच हे ओवीबद्ध पुराण उभं राहिल्याचं त्याच ग्रंथात येतं. म्हणजे नवं गाणं ही आजच्या तरुणांची हौस नव्हे. आज जिला आपण परंपरा म्हणतो, ती अशाच मागण्यांतून घडली आहे. म्हणून गायनमंडळातल्या मुलामुलींना जुनी गीतं बिनचूक म्हणायला शिकवून थांबू नये, त्यांच्याकडून नवी गीतं मागून घ्यावीत, असं मला वाटतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो शब्दांचा. अलीकडच्या गीतांत ‘मी’ आणि ‘माझं’ फार, शिकवण पातळ, असं पाळक म्हणतात. ते खोटं नाही. जुन्या गीतात पापक्षमेपासून पुनरुत्थानापर्यंतचा अख्खा उपदेश चार कडव्यांत बसलेला असे. पण त्यावर उपाय मनाई हा नव्हे. कॅथलिक चर्चने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान दिला आणि संगीतकारांना नवी रचना करायला सांगितलं. शब्द मात्र प्रामुख्याने पवित्र शास्त्रातून आणि उपासनेतून घ्यावेत, हेही तिथेच सांगितलं. हीच वाटणी मला शहाणपणाची वाटते. चाल मुलांची, शब्दांवर नजर पाळकांची. दुसरा आक्षेप वाद्यांचा, आणि तो मी फारसा मनावर घेत नाही. आज जिला आपण अस्सल देशी समजतो ती बाजाची पेटीही युरोपातूनच आली.

तिसरा आक्षेप मात्र खरा जड आहे: नवं गीत मंडळीला म्हणता येत नाही. तरुणांच्या कानात ध्वनिमुद्रित गाणी असतात, आणि ती एकट्या कसलेल्या गळ्यासाठी बांधलेली असतात. पट्टी उंच, अंतरा आणखी उंच, मध्ये लांबलचक वाद्यमेळ. पुढे चौघं गातात आणि मागे मंडळी ऐकत उभी राहते. मग ती उपासना राहत नाही, कार्यक्रम होतो. इथे भजनाचा घाट कामाला येतो. एकाने ओळ सांगायची, सर्वांनी ती उचलायची, धृपद दोनदा ऐकताच तोंडात बसायला हवं. सगळी चाल एका सप्तकाच्या आत राहिली तर आजीलाही जमते आणि नातवालाही. हे कसब वर्गात शिकवून येत नाही. चाल करायची, ती फसलेली बघायची आणि पुन्हा करायची, तेव्हाच ते हाताला लागतं. बहुतेक नवी गीतं विसरली जातील हेही खरं, पण जुन्यांतलीही कितीतरी वह्यांतच राहिली असणार. आपल्यापर्यंत पोचली ती चाळणीत उरलेली. चाळणीत घालायला आधी धान्य तर हवं.

आज कीबोर्डवाल्या मुलाला बहुधा एवढंच विचारलं जातं, ‘काळी दोन की काळी चार?’ त्याऐवजी नाताळाच्या दोन महिने आधी त्याच्या हाती एक स्तोत्र द्यावं आणि त्याने बांधलेली चाल सलग चार रविवार मंडळीकडून म्हणवून घ्यावी. पाचव्या रविवारी त्याने कीबोर्ड बंद ठेवावा आणि मागच्या बाकांवरून धृपद येतं का, ते ऐकावं.